काळी पडलेली बाटली पुन्हा वापरात: आयनिक द्रव सततप्रवाहाने शुद्ध करायला शिकताना

ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठातून एमएस्सी होऊन मुले कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या प्रयोगशाळेत रुजू होतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एक कपाट उघडून दाखवतो. खालच्या फळीवर तपकिरी ते काळ्या रंगाच्या द्रवांच्या बाटल्या असतात. प्रत्येकीवर तारीख आणि एकच शब्द: ‘वापरलेले’. मुले हुशार असतात, टायट्रेशनवर हात बसलेला असतो, क्रोमॅटोग्राफी येते. पण हे टाकायचे की ठेवायचे, ह्याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. कारण आपल्याकडे द्रावक म्हणजे वापरून संपणारा माल असेच शिकवले जाते. आयनिक द्रव तसा नाही. तो संपत नाही, तो मळतो. मळलेले धुता येते, आणि धुण्याची पद्धत नीट बसवली तर तीच बाटली वर्षभर फिरवता येते. हा लेख त्या मुलांसाठी आणि त्यांच्यासारख्या, ह्या कामाला पहिल्यांदा हात घालणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

आयनिक द्रव म्हणजे मीठच, फक्त १०० अंश सेल्सियसच्या आत वितळणारे. पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली नोंदवलेले इथाइलअमोनियम नायट्रेट १२ अंशांनाच वितळते. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवापाण्यात टिकणारे इमिडाझोलियमचे द्रव तयार केले. २००२ साली रॉजर्स यांच्या गटाने असल्या द्रवात सेल्युलोज विरघळवून दाखवला आणि कापड-कागदवाल्यांचेही लक्ष इकडे वळले. ह्या द्रवांची मोठी खूण म्हणजे ते जवळजवळ उडत नाहीत.

तिथेच नवख्यांची पहिली गफलत होते. आपल्या डोक्यात शुद्धीकरण म्हणजे भाटी, दारू गाळायची भट्टी: काजूचा निरो (बोंडांचा रस) तापवला, हवी ती गोष्ट वाफ होऊन बाहेर आली, हुर्राक (पहिल्या धारेची दारू) मिळाला. २००६ साली काही आयनिक द्रव खोल निर्वातात २०० ते ३०० अंशांवर ऊर्ध्वपातित होतात हे दाखवले गेले आहे, पण रोजच्या कामाला तो मार्ग नाही; तेवढ्या उष्णतेत बरेच द्रव फुटू लागतात. आपल्या कामाची जात मिठागराची आहे. आगरवाड्याच्या आगरात खाडीचे पाणी मानशीतून (बांधातल्या दारातून) आत येते, एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकते, ऊन पाणी नेते आणि मीठ मागे राहते. इथेही द्रव मागे राहतो आणि बाकीचे सगळे एकेक करून बाहेर काढायचे असते. शिवाय पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकत राहणे हाच सततप्रवाहाचा गाभा आहे.

थोडा हिशेब

पंपाला हात लावण्याआधी कागदावर हे दोन आकडे काढा.

पहिला, परत किती मिळते. १ किलो द्रव घेतला आणि दर फेरीत ९५ टक्के परत मिळाला, तर २० फेऱ्यांनंतर हातात ३५८ ग्रॅम उरतात. ९८ टक्के मिळाला तर ६६८ ग्रॅम. ९९.५ टक्के मिळाला तर ९०५ ग्रॅम. एकदाच धुवून ९५ टक्के आले की नवख्याला वाटते छान जमले. ते छान नसते. भांड्याला चिकटलेला, फिल्टरवर राहिलेला, धुण्याच्या पाण्यात गेलेला द्रव हाच तुमचा खरा तोटा आहे. नळ्या आणि सांधे बंद असल्याने सततप्रवाहात हाच तोटा कमी होतो.

दुसरा आकडा मळाचा. दर फेरीत तुमची प्रक्रिया ०.५ टक्का मळ घालते असे धरा. काहीच काढले नाही तर २० फेऱ्यांत १० टक्के मळ साचतो आणि द्रव निकामी होतो. मग सगळी घाण एकदम धुवायला बसावे लागते. त्याऐवजी दर फेरीत १० टक्के द्रव बाजूला वळवून पूर्ण साफ केला आणि परत सोडला, तर मळ चढत जाऊन ५ टक्क्यांच्या आसपास थांबतो. ३० टक्के वळवला तर १.७ टक्क्यांच्या आसपास. म्हणून आधी तुमची प्रक्रिया किती मळ सोसते हे शोधा. किती द्रव बाजूला वळवायचा हे त्यातून आपोआप निघते. सगळे द्रव रोज आरशासारखे लख्ख करण्याचा हट्ट नको, आणि काळे होईपर्यंत वाट पाहणे तर अजिबात नको. ह्या विषयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एवढेच.

मोठ्या उद्योगांनी हेच केले आहे. बीएएसएफच्या २००२ सालच्या बेसिल प्रक्रियेत मिथाइलइमिडाझोल हा बेस प्रक्रियेत सुटणारे आम्ल पकडतो, आणि त्यातून होणारा क्लोराइड क्षार ७५ अंशांच्या आसपास वितळतो. म्हणून तो गाळ न होता वेगळा द्रवथर होतो, सरळ खालून काढून घेता येतो, आणि अल्कली घालून मूळ बेस परत मिळतो. वेगळे करणे किती सोपे होईल हे त्यांनी पदार्थ निवडतानाच पाहिले होते.

आधी द्रव ओळखा

बाटलीवरचे नाव वाचून तीनपैकी एका वाटेवर जा.

पाण्यात न मिसळणारे: ब्यूटिल-मिथाइल-इमिडाझोलियम बिसट्रायफ्लिमाइड हा ह्या घरातला ओळखीचा द्रव. आम्ही त्याला नुसते ट्रायफ्लिमाइड म्हणतो. घनता १.४४, म्हणजे पाण्याखाली बसतो. शिकायला हाच घ्या.

पाण्यात पूर्ण मिसळणारे: इथाइल-मिथाइल-इमिडाझोलियम ॲसिटेट, किंवा तसलेच क्लोराइड. ह्यांना पाण्याने धुता येत नाही. त्यांची वाट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो.

तिसरे घर जपून हाताळायचे: हेक्साफ्लुरोफॉस्फेट आणि टेट्राफ्लुरोबोरेट. पाणी आणि उष्णता मिळाली की हे हळूहळू फुटतात आणि हायड्रोफ्लुरिक आम्ल सुटते. माझ्या उमेदीच्या काळात एका ठिकाणी मी असला द्रव कोमट पाण्याने धुऊन रात्रभर रोटावॅपवर (निर्वातात फिरवत द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) लावला होता. सकाळी फ्लास्क आतून धुरकट झाला होता. तो डाग नव्हता, काच खाल्ली गेली होती. त्या दिवशी हातमोज्यात एक बारीक भोक असते तर काय झाले असते, हा विचार अजून जात नाही. ह्या घरातले द्रव नवख्यांनी ह्या यंत्रणेत घालू नयेत. ज्यांना घालावेच लागतात त्यांनी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली हाताशी ठेवल्याशिवाय बाटली उघडू नये.

मग मोजा

ताजी बाटली उघडली की पहिले २० मिली वेगळ्या कुपीत, नायट्रोजनखाली, घट्ट बंद करून ठेवून द्या. तो तुमचा साक्षीदार. पुढचे सगळे आकडे त्याच्याशी ताडायचे. हे न केल्यामुळे ‘मुळातच असा होता की आपण असा केला’ ह्यावर अख्खा दिवस वाद घातलेली माणसे मी पाहिली आहेत.

मोजायचे चार आकडे: कार्ल फिशर टायट्रेशनने पाणी, सिल्व्हर नायट्रेटने हॅलाइड (क्लोराइड, ब्रोमाइड), विस्कोमीटरने दाटपणा, आणि ४०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश किती शोषला जातो तो. मूळ प्रक्रियेतले उरलेसुरले पदार्थ एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची ओळख पटवणाऱ्या चाचणीत) दिसतात. तो दर फेरीला नाही केला तरी दर पाचव्या फेरीला करा. सिल्व्हर नायट्रेटची चाचणी द्रवावर थेट नको. थोडा द्रव शुद्ध पाण्याबरोबर हलवा, वरचे पाणी घ्या, त्यात विरल नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेट घाला. गढूळ झाले तर क्लोराइड किंवा ब्रोमाइड आहे. नेमका आकडा हवा असेल तर आयन क्रोमॅटोग्राफीला पर्याय नाही.

रंगावर जाऊ नका. इमिडाझोलियमच्या द्रवात रंग देणारे पदार्थ इतके सूक्ष्म असतात की एनएमआरवर ते दिसतसुद्धा नाहीत. पिवळा द्रव उत्तम काम करतो आणि पाण्यासारखा स्वच्छ दिसणारा द्रव क्लोराइडने भरलेला असतो, दोन्ही मी पाहिले आहे. नुसत्या दाटपणावरही विसंबू नका. सेडन, स्टार्क आणि टोरेस यांनी २००० साली दाखवले की क्लोराइडने दाटपणा वाढतो आणि पाण्याने तो कमी होतो. द्रवात दोन्ही शिरले असतील तर ते एकमेकांना झाकतात आणि आकडा अगदी बरोबर दिसतो.

हे चार आकडे आणि कितवी फेरी, एवढे बाटलीवर लिहा. ‘वापरलेले’ हा शब्द आमच्या प्रयोगशाळेत आता लिहायचा नाही असे मी ठरवून टाकले आहे.

पंप आणि नळी

आयनिक द्रव दाट असतात, आणि सततप्रवाहातल्या निम्म्या कटकटी तिथूनच येतात. ट्रायफ्लिमाइडचा दाटपणा २५ अंशांना सुमारे ५० मिलिपास्कल-सेकंद, म्हणजे पाण्याच्या पन्नासपट. नळीतला दाब हिशेबाने काढता येतो. आतला व्यास १ मिलिमीटर, लांबी २ मीटर, प्रवाह मिनिटाला २ मिली: दाब सुमारे १.४ बार. चालेल. तीच नळी अर्ध्या मिलिमीटरची घेतली तर त्रिज्या निम्मी आणि दाब सोळापट, सुमारे २२ बार. साधे सांधे सुटतील, द्रव टेबलावर येईल. ‘बारीक नळी म्हणजे मिसळणे चांगले’ हे पाण्यासारख्या द्रवांचे शहाणपण इथे आणू नका. दीड मिलिमीटरच्या आसपासची पीएफए (टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक) नळी घ्या.

दाटपणा कमी करायला पातळ करणाऱ्या द्रावकापेक्षा उष्णता बरी. ह्याच द्रवाचा दाटपणा ६० अंशांना तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि नंतर पुन्हा दुसरे द्रावक काढायचे काम उरत नाही.

पंप म्हणाल तर शिकताना सिरिंज पंप, रोजच्या कामाला गियर पंप. एचपीएलसी (उच्च दाबाच्या क्रोमॅटोग्राफीच्या) पंपाचे चेक व्हॉल्व्ह, म्हणजे द्रव एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपा, दाट द्रवात नीट बसत नाहीत आणि प्रवाह अडखळतो. पेरिस्टाल्टिक पंप स्वस्त आणि सोपा, पण एक-दीड बारच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षा नको. कोणताही असो, शोषणाची नळी जाड आणि आखूड ठेवा आणि बाटली पंपाच्या वरच्या पातळीला ठेवा; दाट द्रव वर ओढताना पंप हवा घेतो आणि कोरडा फिरतो. दाबाचा काटा पंपाच्या लगेच पुढे बसवा, त्याच्याच शेजारी रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की उघडणारी झडप). क्लोराइडवाल्या द्रवांना स्टेनलेस स्टील नको, दमटपणात त्याला खड्डे पडतात.

पहिले दोन दिवस महागडा द्रव वापरूच नका. वजनाने ८० टक्के ग्लिसरीन आणि २० टक्के पाणी हे मिश्रण ट्रायफ्लिमाइडइतकेच दाट असते. पंप, नळ्या, काटे आणि सांध्यांची तालीम त्यावर करा. गळती व्हायची ती तेव्हाच होऊ द्या.

धुणे

आता प्रत्यक्ष काम. मूळ प्रक्रियेतून आलेला द्रव आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जाऊ द्या. कचरा घेऊन पुढे गेलात तर थर सुटत नाहीत. मग दोन पंप, एक टी-जोड: एकीकडून द्रव मिनिटाला २ मिली, दुसरीकडून आयनमुक्त पाणी २ मिली. नळाचे पाणी नको. ओपाच्या जलप्रकल्पाचे पाणी आपण प्यायलो, वाढलो, पण त्यात क्लोराइड असते आणि तुमची सिल्व्हर नायट्रेटची चाचणी तिथेच खोटी पडेल.

टी-जोडापुढे १.६ मिलिमीटर आतल्या व्यासाची ३ मीटर नळी गुंडाळून ठेवा. तिच्यात सुमारे ६ मिली मावते, म्हणजे दोन्ही प्रवाह एकत्र दीड मिनिट राहतात. पारदर्शक नळीत पाणी आणि द्रव यांचे आळीपाळीने तुकडे जाताना दिसतील. प्रत्येक तुकड्याच्या पोटात द्रव गोल फिरत असतो, म्हणून ढवळणी न लावता मिसळणे होते. तुकडे सारखे नसतील, लांबच लांब पाण्याची रेघ दिसत असेल, तर एक पंप धडधडतो आहे असे समजा.

नळीच्या शेवटी थर वेगळे करायचे. पटल (मेम्ब्रेन) वापरून थर वेगळे करणारी सुबक यंत्रे मिळतात, पण सुरुवातीला त्यांत पैसे घालू नका. १.४४ आणि १ ह्या घनतांत एवढे अंतर आहे की २० मिलीची उभी काचेची नळी पुरते. मध्यावर प्रवाह आत, तळातून द्रव बाहेर, वरच्या कडेने पाणी बाहेर. तळाची नळी वर वळवून तिचे तोंड वर-खाली केले की थरांची सीमारेषा हवी तिथे आणता येते. सीमेवर फेसासारखा पट्टा जमू लागला तर काच ४० अंशांपर्यंत कोमट करा आणि प्रवाह निम्म्यावर आणा. तरीही सुटला नाही तर फिल्टर फाटला आहे का ते पाहा.

एकदा धुणे पुरत नाही, आणि किती पाणी कसे वापरायचे ह्यात सगळी गंमत आहे. समजा काढायचा क्षार द्रवापेक्षा पाण्यात दसपट राहतो. जेवढा द्रव तेवढेच पाणी एकदम वापरले तर क्षाराचा ९ टक्के भाग मागे राहतो. तेच पाणी तीन हिश्श्यांत, दर वेळी ताजे वापरले तर १.२ टक्के राहतो. आणि तेच पाणी तीन टप्प्यांतून उलट दिशेने फिरवले, म्हणजे ताजे पाणी सर्वांत स्वच्छ द्रवाला भेटते आणि वापरलेले पाणी सर्वांत मळक्याला, तर ०.०९ टक्के राहतो. पाणी एक थेंबही जास्त न लागता शंभरपट फरक. हे बाटली हलवून करणे जवळजवळ अशक्य आहे. प्रवाहात तीन टी-जोड, तीन गुंडाळ्या आणि तीन काचेच्या नळ्या मांडल्या की झाले. माझ्या मते सततप्रवाहाला सगळ्यांत मोठे श्रेय ह्याच एका गोष्टीचे.

पाणी वाचवण्याला दुसरेही कारण आहे. न मिसळणारा म्हणतो तो द्रवसुद्धा पाण्यात थोडा जातोच. ट्रायफ्लिमाइड वजनाने सुमारे ०.७ टक्के जातो. म्हणजे १० लिटर पाण्याने धुतले तर ७० ग्रॅम गेले. आधी काढलेल्या ९९.५ टक्क्यांच्या हिशेबात हे बसत नाही. वापरलेले पाणी चारकोलच्या (सक्रिय कोळशाच्या) स्तंभातून नेले तर इमिडाझोलियम त्यावर अडकते.

पाण्यात न जाणारे सेंद्रिय पदार्थ उरले असतील तर त्याच मांडणीत पाण्याऐवजी हेक्झेन चालवा. १९९९ साली ब्लँचर्ड, ब्रेनेके आणि सहकाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइडला उच्च दाबाखाली हे काम करायला लावले: वायू द्रवात शिरतो, नॅप्थालीन घेऊन बाहेर पडतो, आणि द्रवाचा अंशही सोबत नेत नाही. सुंदर पद्धत आहे, पण उच्च दाबाची यंत्रणा नवख्यांच्या टेबलावर नको.

चारकोल

स्तंभात चारकोल भरण्याआधी तो आयनमुक्त पाण्याने धुऊन सुकवा, नाहीतर त्याचीच भुकटी आणि राख द्रवात उतरते. द्रव ६० अंशांवर, खालून वर, सावकाश. चारकोलच्या फटींत २० मिली द्रव मावत असेल आणि प्रवाह मिनिटाला २ मिली असेल तर भेट १० मिनिटांची; सुरुवातीला एवढी पुरे. पहिले एक-दोन स्तंभभर द्रव पुन्हा मागे फिरवा. दोन स्तंभ एकामागे एक लावा. पहिल्यातून रंग गळू लागला की तो काढायचा, दुसरा पुढे आणायचा आणि ताजा मागे. म्हणजे मळ कधीच शेवटच्या बाटलीत पोहोचत नाही.

बरेच जण चारकोलनंतर ॲल्युमिनाचा थर देतात. द्रव छान स्वच्छ दिसतो, पण ॲल्युमिना आणि सिलिकाचे अतिसूक्ष्म कण द्रवात शिल्लक राहतात हे नीट तपासून सिद्ध झाले आहे. मी ॲल्युमिना सोडून दिला आहे. चारकोलपुढेही ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लागतोच.

सुकवणे

धुऊन निघालेल्या ट्रायफ्लिमाइडमध्ये सुमारे १.४ टक्के पाणी असते, म्हणजे १४,००० पीपीएम. बहुतेक कामांना ते ५०० च्या खाली हवे, विद्युतरसायनाला त्याहून कितीतरी खाली.

फ्लास्कमध्ये तापवून हे का रेंगाळते ते समजून घ्या. दाट द्रवात पाण्याचे रेणू अतिशय संथ सरकतात. ढोबळ हिशेबाने, न ढवळलेल्या १ सेंटिमीटर खोल द्रवातून पाणी वर यायला अकरा-बारा दिवस लागतील. तोच द्रव ०.२ मिलिमीटर जाडीच्या पापुद्र्यासारखा पसरला तर सुमारे सात मिनिटे. म्हणून सुकवताना द्रव पसरवा, उकळू नका.

आमची मांडणी साधी आहे. काचेची उभी नळी, बाहेरून ७० अंशांच्या पाण्याचे जाकीट, आत काचेच्या छोट्या कड्या भरलेल्या. वरून द्रव कड्यांवरून पाझरत येतो, खालून कोरडा नायट्रोजन वर जातो. वर जाणारा वायू कोल्ड ट्रॅपमधून सोडा, म्हणजे किती पाणी निघाले तेही दिसते. शेवटचा टप्पा हवा असेल तर तशीच दुसरी नळी निर्वाताखाली. तळाची बाटली नायट्रोजनने भरलेली आणि रबरी सेप्टमने बंद. नमुना सिरिंजने घ्यायचा, झाकण उघडायचे नाही. जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेत उघडी बाटली म्हणजे दिवसभराचे काम पाण्यात.

पाण्यात मिसळणाऱ्यांची वाट

ॲसिटेटमध्ये सेल्युलोज विरघळवला, पाणी घालून परत काढला, की मागे ॲसिटेटचे पातळ पाणी उरते. १० टक्क्यांच्या अशा द्रावणातून १ किलो ॲसिटेट मिळवायला ९ किलो पाणी उडवावे लागते. त्याला किमान २० मेगाज्यूल, म्हणजे साडेपाच युनिटांच्या वर वीज. इथे पैसा आणि पर्यावरण दोन्ही गळतात, म्हणून पहिला प्रयत्न सेल्युलोज परत काढताना कमी पाणी वापरण्याचा करा.

त्यानंतर पटल. रिव्हर्स ऑस्मोसिसने थोडे पाणी स्वस्तात काढता येते, पण त्याला मर्यादा आहे: १० टक्के द्रावणाचा परासरण दाब, म्हणजे पाणी पटलातून ढकलताना पंपाला ज्यावर मात करावी लागते तो, हिशेबाने ३२ बारच्या आसपास, १५ टक्क्यांना ५० च्या पुढे, २० टक्क्यांना ७० च्या पुढे. १५ टक्क्यांपर्यंत पटल, पुढे पातळ थराचा बाष्पक, ही वाटणी मला व्यवहार्य वाटते. इलेक्ट्रोडायलिसिस आणि आयन-विनिमय रेझिन हेही मार्ग आहेत, क्लोराइड काढायला रेझिन विशेष उपयोगी. पण दोन्हींत मीठ कुठून आले आणि कुठे गेले ह्याचा ताळा जमल्याशिवाय हात घालू नका.

ॲसिटेटला १०० अंशांच्या पुढे नेऊ नका. त्यातून ॲसिटिक आम्ल निसटते आणि मागे राहिलेला द्रव बदलत जातो. आणि हवा. एका जुलैत आम्ही वजन केलेला ॲसिटेट बीकरमध्ये उघडा ठेवून जेवायला गेलो. परत आलो, सेल्युलोज घातला, तो दिवसभर गाठी होऊन तरंगत राहिला. हवेतले पाणी सेल्युलोजची जागा घेऊन बसले होते.

वीज गेली तर

पावसाळ्यात वीज जाणे आपल्याला नवे नाही, आणि चालू प्रवाहात ती गेली तर काय होते हे आधी करून पाहायला हवे. पंप थांबतो, पण तापलेला स्तंभ तापलेलाच राहतो. वीज परत येते तेव्हा हीटर आपोआप सुरू होतो, बरेचसे पंप होत नाहीत. मग स्तंभात अडकलेला द्रव तासभर भाजत राहतो. म्हणून हीटरची जोडणी अशी करा की प्रवाह नसेल तर तो सुरूच होणार नाही, आणि वीज आली तरी हाताने बटण दाबल्याशिवाय काहीच चालू होणार नाही. पंपांच्या पुढे चेक व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वरच्या नळीतला द्रव उलटा वाहून पाण्याच्या बाटलीत जातो. यंत्रणा तयार झाली की ग्लिसरीनवर चालवताना मुद्दाम मेन स्विच बंद करा आणि उभे राहून पाहा.

बेसिनमध्ये काही नाही

हे द्रव हवेत जात नाहीत म्हणून त्यांना हिरवे म्हणण्याची सवय लागली आहे. पाण्यात मात्र ते जातात. इमिडाझोलियमला जोडलेली कार्बनची साखळी जितकी लांब तितके ते पाण्यातल्या जीवांना जास्त विषारी, आणि ब्यूटिलवाले लवकर कुजतही नाहीत. आपल्या कारखान्यांच्या खाली उतारावर खाजने (बांध घालून खाडीपासून राखलेली सखल शेते) आहेत, त्यांत भात आहे, मासळी आहे. धुण्याचे पाणी चारकोलमधून गेल्यावरही मोजल्याशिवाय सोडू नका, आणि वापरलेला चारकोल साध्या कचऱ्यात टाकू नका.

२०१६ च्या घातक आणि इतर कचरा नियमांनुसार असा कचरा साधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही आणि बाहेर पाठवताना नमुना १० चे मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचे नोंदपत्र) लागते. द्रव कारखान्यातच शुद्ध करून परत वापरणार असाल तर ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत कसे बसते हे सुरक्षा अधिकाऱ्याला आधी विचारा, यंत्रणा उभी केल्यावर नाही.

एखादा लॉट कधी थांबवायचा हेही आधी लिहून ठेवा. आमचा नियम असा: पूर्ण धुणे, चारकोल, सुकवणे होऊनही चारपैकी कोणताही एक आकडा साक्षीदार कुपीपासून सलग तीन फेऱ्या दूर सरकत गेला, तर द्रव स्वतः फुटतो आहे. मग त्या लॉटचा एनएमआर काढायचा, आणि त्यात नवी शिखरे दिसली तर तो वेगळा करून कचऱ्याच्या नोंदवहीत टाकायचा, ताज्या द्रवात मिसळून खपवायचा नाही.